मकराचं तोंड



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांबद्दल बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा तुमचा मोठा. तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या हातात त्यांनी पहिला कुंचला दिला. म्हणून मी थेट विषयाकडे वळतो.

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय ‘कलेतील जलचरांची प्रतीकं’. हा विषय एका संध्याकाळच्या आवाक्यातला नाही. मासा, कासव, शंख, शिंपला, नाग, प्रत्येकाला स्वतंत्र व्याख्यान लागेल. मी त्यांतला एकच घेणार आहे, आणि नेमका तो घेणार आहे जो कधी कुणी पाहिलेला नाही. मकर. किनाऱ्यावरच्या गावात येऊन, ज्यांच्या हाताला बोंबील आणि बांगडा अंधारातही कळतो अशा लोकांपुढे, अस्तित्वातच नसलेल्या जलचरावर तासभर बोलायचं म्हणजे धाडसच आहे. पण तुम्ही समुद्राकाठचे आहात म्हणूनच हा विषय निवडला. कारण पुढे कळेल.

मकराचं अंग कशाकशाचं बनलंय ते आधी पाहू. जबडा मगरीचा. वरचा ओठ लांबत जाऊन हत्तीची सोंड झालेला. धड माशाचं, अंगावर खवले. पुढचे पाय बऱ्याचदा सिंहाचे. आणि शेपटी, तिचा तर कुठल्याच प्राण्याशी संबंध उरत नाही, ती सरळ पानाफुलांची वेल होते. दशावतारात कलाकार एकावर एक सोंग चढवतो आणि आतला माणूस शोधावा लागतो, तसा हा प्राणी. फरक एवढाच की इथं आत कुणीच नाही. काही अभ्यासक म्हणतात, त्या सोंडेचं मूळ घडियालाच्या नाकावरच्या गाठीत असावं. वयात आलेल्या नर घडियालाच्या तोंडाच्या टोकाशी घड्यासारखा उंचवटा येतो. काहींना मकरात गंगेतली सुसर दिसते, काहींना डॉल्फिन. मला या शोधात फारसा रस नाही. मूळ प्राणी सापडला तरी शिल्पकारानं त्याचं असं का केलं, हा प्रश्न जिथल्या तिथंच राहतो.

दगडात हा प्राणी फार लवकर येतो. बिहारमधल्या बराबर टेकड्यांत मौर्यकाळातलं, म्हणजे इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातलं, लोमश ऋषी लेणं आहे. त्याच्या दाराच्या कमानीवर हत्तींची रांग चाललीय आणि रांगेच्या दोन्ही टोकांना मकर बसवलेत. अजून सोंड नाही, मगरीच्या जवळचंच रूप आहे. पण जागा मात्र पहिल्याच खेपेला ठरून गेली आहे. मकर मध्यभागी बसत नाही. तो टोकाला बसतो, कडेला बसतो, दारापाशी बसतो. पुढची हजार-दीड हजार वर्षं त्यानं ही जागा फारशी सोडली नाही.

यानंतर भरहुत. मध्य प्रदेशातल्या सतना जिल्ह्यातलं हे ठिकाण. अलेक्झांडर कनिंगहॅमला तिथला स्तूप 1873 साली सापडला. उरलेसुरले कठडे आणि तोरण कोलकात्याला गेले आणि आज इंडियन म्युझियममध्ये आहेत. कोलकात्याला गेलात तर बाकी दालनं घाईत उरकली तरी चालेल, पण भरहुतच्या दालनात वेळ काढा. तोरणाच्या आडव्या तुळयांच्या टोकांना मकर आहेत, शेपट्या गुंडाळून वर्तुळ केलेले. आणि कठड्यावरच्या एका गोल पदकात, मला वाटतं, आपल्या कलेतला पहिला खराखुरा समुद्र आहे.

त्या पदकात लाटा आहेत, होडी आहे, होडीत माणसं आहेत आणि एका अजस्र माशानं जबडा वासलाय. होडी त्या जबड्याच्या तोंडाशी येऊन पोचली आहे. पदकावर ब्राह्मी लेख आहे. त्याचा आशय असा, की तिमितिमिंगिलाच्या पोटातून महादेवानं वसुगुप्ताची सुटका केली. इथला महादेव म्हणजे बुद्ध. तिमि म्हणजे प्रचंड मासा, त्याला गिळणारा तिमिंगिल आणि त्यालाही गिळणारा हा तिमितिमिंगिल. म्हणजे कारागिरानं गिळण्याची एक उतरंडच पदकात आणून ठेवली.

आता भरहुत कुठं आहे बघा. तिथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. ज्यानं हे पदक कोरलं त्यानं समुद्र पाहिला असेल याची शक्यता फारच कमी. त्याला समुद्र कळला तो व्यापाऱ्यांच्या तोंडून. आणि व्यापारी घरी परतल्यावर समुद्राबद्दल काय सांगतो? भरती-ओहोटी सांगत नाही, वाऱ्याची दिशा सांगत नाही. कुणाची होडी परत आली नाही ते सांगतो.

अशा गोष्टींमधली सर्वांत चांगली गोष्ट बौद्ध संस्कृत वाङ्मयात आहे, दिव्यावदान नावाच्या ग्रंथात. व्यापाऱ्यांचं गलबत भर समुद्रात आहे. दूरवर डोंगरासारखं काहीतरी वर येताना दिसतं, दोन सूर्य उगवल्यासारखे दिसतात. कर्णधार सांगतो की तो डोंगर नव्हे, डोकं आहे, आणि ते सूर्य म्हणजे डोळे. गलबत जबड्याकडे ओढलं जाऊ लागतं. प्रत्येकजण आपापल्या देवाचा धावा करतो, काही उपयोग होत नाही. शेवटी सगळे एका सुरात बुद्धाला शरण जातात. तो शब्द त्या महामत्स्याच्या कानी पडतो आणि तो विचारात पडतो. हे नाव ऐकल्यावर यांना खायचं कसं? पण जबडा एकदम मिटला तर पाणी उसळून गलबत उलटेल, म्हणून तो सावकाश, बेतानं तोंड मिटतो. ते तोंड पुन्हा उघडत नाही. उपाशीच मरतो.

बहुतेक कथा इथं संपल्या असत्या. ही संपत नाही. तो मासा श्रावस्तीत माणूस होऊन जन्माला येतो, धर्मरुची नावानं. जन्मापासून त्याची भूक काही केल्या भागत नाही. पुढे तो भिक्षू होतो, भिक्षेवर त्याचं पोट कुठलं भरायला! एकदा एक गृहस्थ गाडीभर अन्न आणतो, तेव्हा कुठं त्याला आयुष्यात पहिल्यांदा तृप्ती कळते. नंतर बुद्ध त्याला समुद्रकिनाऱ्यावर पडलेला एक प्रचंड सांगाडा दाखवतात. धर्मरुची ती हाडं निरखत राहतो, आणि मग त्याला सांगितलं जातं की ही हाडं तुझीच.

भरहुतचं पदक आणि ही कथा यांचा थेट धागा आहे असा माझा दावा नाही, पदकावर नाव वसुगुप्ताचं आहे. पण दोन्हीकडे कथेचा सगळा भार एकाच ठिकाणी आहे. तोंडावर. मिटलेलं तोंड, उघडं तोंड, तोंडाशी आलेली होडी. तिसऱ्या शतकात रोमच्या भुयारी दफनभूमींत ख्रिस्ती चित्रकार योनाला गिळणारा समुद्रराक्षस काढत होते, तोही सगळा जबडाच असतो. समुद्राचं चित्र काढायचं म्हटलं की माणसाला लाटेपेक्षा घसा आधी सुचतो.

आता उलट बाजू. याच काळात मकर गिळायचं सोडून ओकायला लागतो. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाचे कठडे आज चेन्नईत आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विभागलेले आहेत. तिथल्या वरच्या पट्टीवर एक लांबलचक फुलांचा हार वाहून नेणारी माणसं कोरली आहेत, आणि हा हार सुरू होतो कुठून, तर मकराच्या तोंडातून. वेली येतात त्या मकराच्या तोंडातून. पुढं श्रीलंकेत, जावात, सगळीकडे कमानी निघतात त्या मकराच्या तोंडातून, आणि माथ्यावर कीर्तिमुखाचा राक्षसी चेहरा. बोरोबुदुरच्या पायऱ्यांच्या कठड्यांशी मकर जबडा उघडून बसलेत आणि काहींच्या जबड्यात छोटा सिंह किंवा पक्षी आहे. तो बाहेर येतोय की आत चाललाय? मी त्याचे फोटो अनेकांना दाखवले आहेत आणि उत्तरं नेहमी दोन्ही बाजूंनी आली आहेत.

आनंद कुमारस्वामींनी ‘यक्षज्’ या ग्रंथाच्या 1931 साली निघालेल्या दुसऱ्या भागात याची सुंदर मांडणी केली. पाणी हे सगळ्या सृष्टीचं बीज. कमळ, पूर्णघट, मकर ही त्या पाण्याची चिन्हं. म्हणून मकराच्या तोंडातून वेल निघते. कुमारस्वामींचं म्हणणं खोटं नाही. पण त्यांच्यानंतर काय झालं? प्रत्येक संग्रहालयातल्या पाटीवर, प्रत्येक पर्यटन पुस्तिकेत एक वाक्य चिकटलं, ‘मकर हे समृद्धीचं प्रतीक आहे’. एवढं वाचलं की पाहणारा पुढच्या मूर्तीकडे सरकतो. माझं भांडण या वाक्याशी आहे. तोच प्राणी वसुगुप्ताला गिळत होता, ते कुठं गेलं? माझं म्हणणं एवढंच, की मकर हा ‘कशाचं तरी’ प्रतीक नाही. तो एक दार आहे. दार आत नेतं आणि बाहेरही सोडतं. म्हणून मकर दिसला की मी एकच प्रश्न विचारतो, यातून काही बाहेर येतंय की काही आत चाललंय? बरीच शिल्पं या प्रश्नानं बोलकी होतात.

नेपाळात या प्रश्नाचं उत्तर अक्षरशः ओलं आहे. काठमांडू खोऱ्यात जमिनीच्या पातळीखाली बांधलेले पाणवठे आहेत, त्यांना नेवार लोक हिती म्हणतात. पायऱ्या उतरून खाली जायचं, भिंतीतून दगडी मकर पुढे आलेला असतो आणि त्याच्या उघड्या तोंडातून पाणी पडत असतं. पाटणच्या राजवाड्याशेजारची मंग हिती सहाव्या शतकापासूनची मानतात. बायका त्या तोंडाखाली कळशा लावतात. म्हणजे चौदाशे वर्षं एक प्रतीक नळाचं काम करतंय. अलीकडे भूजल खाली गेल्यानं खोऱ्यातल्या बऱ्याच हिती कोरड्या पडल्या, पण त्यांची व्यवस्था पाहणारी जुनी मंडळं आणि तिथले सण अजून आहेत. आपल्याकडेही गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी बाहेर काढणाऱ्या प्रणालाला कुठं गोमुख असतं, कुठं मकरमुख. फार कमी लोक देवळाच्या मागच्या बाजूला जाऊन ते पाहतात. तीर्थ मात्र सगळे घेतात.

गंगा मकरावर कशी बसली, म्हणजे उभी राहिली, हा स्वतंत्र विषय आहे. भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीकृष्ण आपल्या विभूती सांगतात, तिथं जलचरांत मकर आणि प्रवाहांत गंगा हे एकाच श्लोकात शेजारी-शेजारी येतात. शिल्पात ते एकमेकांच्या पायाशी येतात. विदिशेजवळ उदयगिरीला, पाचव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्या प्रसिद्ध वराहाच्या लेण्यात, बाजूच्या भिंतींवर गंगा मकरावर आणि यमुना कासवावर उभी आहे. दोघींच्या धारा एकत्र होऊन समुद्राला मिळतात आणि तिथं पाण्यात वरुण उभा आहे. नदी जिथं संपते तिथला राजा, आणि नदीच्या पायाखाली त्याच राजाचं वाहन. अजिंठ्याच्या काही दारांवर मात्र वरच्या दोन्ही कोपऱ्यांत झाडाखाली उभ्या असलेल्या स्त्रिया दोघीही मकरावरच दिसतात. कासव अजून यमुनेच्या वाट्याला आलेलं नाही. थोडक्यात, तिथं मकर एका विशिष्ट नदीचा नव्हे, दाराचा आहे.

वाहन म्हणजे आपण गाडी समजतो. शिल्पात वाहन म्हणजे ताब्यात आलेली भीती. ज्या तोंडाशी होडी गेली होती, त्याच तोंडावर आता एक बाई निवांत, कमरेत किंचित वाकून उभी आहे. वेरूळच्या एकवीस क्रमांकाच्या लेण्यातली, रामेश्वर लेण्यातली, गंगा पाहा. दर्शनी भागाच्या डाव्या टोकाला ती आहे. त्रिभंगात उभी, पायाखालच्या मकराची शेपटी वेलीत विरघळत जाते. शिल्पकारानं त्या शेपटीवर जेवढी मेहनत घेतली आहे, तेवढी काही ठिकाणी देवांच्या चेहऱ्यांवरही घेतलेली नाही. जनावर कुठं संपतं आणि पानं कुठं सुरू होतात ते बोटानं दाखवता येत नाही.

एक गंमत मधेच सांगतो. गजेंद्रमोक्षाची गोष्ट आपल्या सर्वांना लहानपणापासून ठाऊक, तळ्यात उतरलेल्या हत्तीचा पाय नक्रानं धरला. पण देवगडला, म्हणजे आपला सिंधुदुर्गातला नव्हे, उत्तर प्रदेशातला, सहाव्या शतकातल्या दशावतार मंदिरात या प्रसंगाचं जे नामांकित शिल्प आहे त्यात मगर नाही, मकर नाही. हत्तीचे पाय नागानं वेटोळ्यात धरलेत. पाण्यातली पकड हा मुद्दा, कुणाचे दात ते नंतर ठरतं.

आता तुमच्याकडे, किनाऱ्याकडे येतो. इथं मला जे म्हणायचंय ते अनुमान आहे, आणि इतिहासाच्या मंडळींनी त्यावर जरूर वाद घालावा.

मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत, शिलाहार-यादव काळातले, माणसापेक्षा उंच. त्यांवर आरमारी लढाई कोरली आहे. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यातल्या लढाईशी त्यांचा संबंध काही इतिहासकार जोडतात. सोमेश्वर समुद्रात बुडून मेला, हे यादवांच्या बाजूच्या हेमाद्रीनं मोठ्या काव्यमय शब्दांत लिहून ठेवलं आहे. वीरगळावर पाहा, गलबतांची रांग, डोलकाठ्या, बाजूनं बाहेर आलेली वल्ही एकापाठोपाठ एक. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयातही कदंबकाळातले असे दगड आहेत. कारागीर कलाकुसरीत वेरूळच्या तोडीचा नाही, पण त्याला होडी ठाऊक आहे. वल्हं कुठून बाहेर येतं, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. या समुद्रात माणसाला मारणारा माणूस आहे, शेजारच्या गलबतावरचा.

आता घाट चढून औरंगाबादच्या सात क्रमांकाच्या लेण्यात जा, सहाव्या शतकातल्या. बोधिसत्त्व अवलोकितेश्वर मधोमध उभा आणि दोन्ही बाजूंना आठ संकटं. आग, चोर, बेड्या, सिंह, साप, हत्ती, मरण, आणि फुटणारं गलबत. अजिंठ्याला दोन क्रमांकाच्या लेण्यात पूर्णाची कथा रंगवली आहे, तीन डोलकाठ्यांचं गलबत, त्यावर मडकी रचलेली. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याचा. कान्हेरीच्या लेण्यांना पैसा देणाऱ्यांत सोपारा, कल्याण, चौलचे व्यापारी होते हे तिथल्या लेखांवरून दिसतं. म्हणजे जहाजं किनाऱ्याची, पैसा किनाऱ्याचा, भीती मात्र डोंगरात रंगवली गेली. मी असं समजतो की मकर हा किनाऱ्यानं घडवलेला प्राणी नव्हे. तो देशावरच्या, मध्यदेशातल्या, समुद्र ऐकून माहीत असलेल्या माणसानं घडवला. तुमच्याकडच्या कोळ्यानं नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला, त्याला सोंड लावली नाही. ज्याला रोज आत जायचं असतं त्याला दारावर राक्षस कोरून परवडत नाही.

समुद्राची भीती जशी घाट चढली, तशी समुद्राच्या देवतेनंही आपली वाट कशी काढली, याचा पुरावा कोल्हापुरात आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात ग्रीक समुद्रदेव पोसायडनचा छोटा कांस्यपुतळा निघाला. टाउन हॉल संग्रहालयात तो उभा आहे, एक हात वर उचललेला, हातातला त्रिशूळ हरवलेला. सह्याद्री ओलांडून हा देव कुणाच्या तरी सामानातून आला. त्याची पूजा झाली की नुसता शोभेला ठेवला, कोण जाणे.

मकर आपल्या पंचांगातही बसलाय. संक्रांतीचा मकर ही रास बाबिलोनमधून ग्रीकांकडे आणि ग्रीकांकडून आपल्याकडे आली. तिकडे ती पुढून बोकड, मागून मासा अशी आहे, मेसोपोटेमियाच्या गोड्या पाण्याच्या देवाची, एआची खूण. आपल्या ज्योतिषांनी बोकडमाशाच्या जागी घरचा, ओळखीचा प्राणी बसवला. तिळगूळ वाटताना एआची आठवण कुणाला येत नाही, ते ठीकच आहे.

शेवटचा मुद्दा दागिन्याचा. मकर कामदेवाच्या ध्वजावर होता. विदिशेजवळ बेसनगरला, जिथं हेलिओडोरसचा गरुडस्तंभ आहे, तिथंच मकराचं स्तंभशीर्षही सापडलं; ते प्रद्युम्नाचं, म्हणजे कृष्णाच्या पुत्राच्या रूपातल्या कामाचं मानतात. ध्वजावरून हा प्राणी हळूहळू कानात उतरला. विष्णूच्या कानी मकरकुंडलं आली, आणि पंढरपूरच्या विठ्ठलाच्या कानी तर ती वारकऱ्यांनी शतकानुशतकं अभंगांतून गायली. भीमेच्या काठी, समुद्रापासून इतक्या दूर, होड्या गिळणारा प्राणी देवाच्या खांद्याला टेकून लोंबतो.  आता सोनार त्याचं तोंड कड्याच्या दोन टोकांना जोडीनं बसवतो, एकमेकांकडे पाहणारं. मगरमुखी कडं हातात चढवणारीला विचारा, त्यातून काही आत जात नाही आणि बाहेरही येत नाही. माझ्या मघाच्या प्रश्नाला तिथं उत्तरच नाही, हे मला मान्य केलं पाहिजे. दागिन्यात दार बंद झालंय.

वेरूळला जाणार असाल तर एक सूचना. लेणी पश्चिमाभिमुख आहेत, त्यामुळे एकवीस क्रमांकावर दुपार कलल्यावर जा. बरोबरचा माणूस कैलासाकडे ओढेल, आणि कैलासातही उत्तरेच्या बाजूला गंगा, यमुना, सरस्वती या तिघींचं छोटं दालन आहे, ते चुकवू नका. पण आधी एकवीस. गंगेचा चेहरा नंतर पाहा. सुरुवात शेपटीपासून करा आणि तोंडापर्यंत या.

आता प्रश्न घेतो. पहिला प्रश्न मागच्या रांगेतून आला तर मला जास्त आवडेल.